'आयर्न फ्लेम' : ड्रॅगन, गुपिते आणि एक आई

मंडळाच्या कार्यक्रमात नाट्यगीत रंगात आलेले असते आणि मागच्या रांगेत आपल्याच मुली मांडीवर विटेएवढे जाड पुस्तक उघडून बसलेल्या असतात. मुखपृष्ठावर ड्रॅगन. आईवडील म्हणतात, "वाचते आहे ना, मग वाचू दे." काय वाचते आहे हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. मी ती घेतली. चँडलरच्या उन्हाळ्यात, पारा ११० च्या वर असताना, माझ्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या कपाटातले दोन भाग घरात बसून वाचून काढले. हा लेख दुसऱ्या भागाबद्दल आहे. त्यात शेवटही सांगावा लागणार आहे. ज्यांना तो आधी कळायला नको असेल, त्यांनी इथेच थांबावे.

रिबेका यारोस यांची 'फोर्थ विंग' मे २०२३ मध्ये आली आणि 'आयर्न फ्लेम' त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. कथा नवार नावाच्या काल्पनिक राज्यातल्या बॅसगायथ युद्धविद्यालयाची. वीस वर्षांची व्हायोलेट सॉरेंगेल वडिलांसारखी ग्रंथपाल-लेखनिक व्हायची, पण सेनापती असलेली आई तिला ड्रॅगनस्वारांच्या तुकडीत घालते. तिथे तिला एक सोडून दोन ड्रॅगन मिळतात, आणि आईने ज्याच्या बापाला देहदंड दिला त्या बंडखोराच्या मुलावर, झेडनवर, तिचे प्रेम बसते.

ड्रॅगन आणि स्वार यांचे मनोमन बोलणे ही काही यारोसबाईंची नवलाई नाही. ॲन मॅककॅफ्री यांच्या १९६८ च्या 'ड्रॅगनफ्लाइट'मध्ये ते आहे, आणि इथे शिकायला आलेल्या आपल्यापैकी काहींनी ते विद्यापीठाच्या लायब्ररीत वाचलेही असेल. अद्भुत आणि शृंगार यांची मिसळ पाहून नाक मुरडणाऱ्यांना एवढेच सांगतो की, मराठी कादंबरी लहानाची मोठी झाली ती याच मिसळीवर. हळबेशास्त्र्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची. हरिभाऊ आपटे आले ते नंतर, आणि त्यांच्यानंतरही नाथमाधवांचे 'वीरधवल' लोकांनी आवडीने वाचले. तेव्हा प्रकार हलका म्हणून पुस्तक हलके, हे गणित चुकीचे आहे.

'आयर्न फ्लेम'चा खरा विषय ड्रॅगन नाही, प्रेमही नाही. विषय आहे दडवलेली माहिती. सीमेपलीकडे व्हेनिन नावाचे, जमिनीतली शक्ती शोषून घेणारे जादूगार गावेच्या गावे ओसाड करीत आहेत. नवारचे राज्यकर्ते हे जाणतात, पण मंत्रकवचाच्या आड सुरक्षित बसून प्रजेला सांगतात की असे काही नसते, त्या जुन्या दंतकथा. इतिहासाची पुस्तके त्यासाठी निवडून-पाखडून ठेवलेली आहेत. हे सारे कळलेली व्हायोलेट दुसऱ्या भागात त्याच विद्यालयात परतते आणि जिवलग मैत्रिणींपासूनही ते लपवते. रात्री ग्रंथागारातून चोरून आणलेल्या जुन्या पोथ्या वाचून कवच कसे उभारावे हे ती शोधते. हा भाग मला फार आवडला. मृत भाषेतला मजकूर, एका शब्दाचा अर्थ नीट न लागल्यामुळे अर्धवट उभे राहणारे कवच. ज्याने कधी दुसऱ्याने लिहून ठेवलेल्या अपुऱ्या टिपणांवरून जुनी प्रणाली चालू केली आहे, त्याला हे वाचताना घाम फुटेल.

पण पुस्तक इथे टिकून राहत नाही. आमच्या व्यवसायात फ्रेड ब्रुक्स यांचे १९७५ चे 'द मिथिकल मॅन-मंथ' अजून वाचले जाते. त्यांचे एक निरीक्षण असे की, माणसाने बनवलेली दुसरी प्रणाली सर्वांत धोक्याची, कारण पहिल्या वेळी आवरून धरलेले सगळे तो दुसरीत कोंबतो. सहाशेहून अधिक पानांच्या या पुस्तकाचे तसेच झाले आहे. नवे विद्यार्थी, नवे शत्रू, ग्रिफिनवर बसणारे नवे मित्र, झेडनची पूर्वीची वाग्दत्त वधू. मध्यावर मुक्काम हलतो तेव्हा दोन कादंबऱ्या एकाच बांधणीत शिवल्यासारखे वाटते. त्यात नायक-नायिकेचे भांडण एकच आणि तेच ते: तू मला का सांगितले नाहीस? तू मला का विचारले नाहीस? पहिल्यांदा ते पटते. पाचव्यांदा मी पाने उलटली. राज्याने सत्य दडवणे आणि प्रियकराने ते दडवणे यांत लेखिकेला साम्य दाखवायचे आहे. पण एकात गावे मरतात आणि दुसऱ्यात रुसवा येतो, हा फरक ती विसरते.

आई मात्र तिने विसरू दिलेली नाही. जनरल लिलिथ सॉरेंगेल पहिल्या भागात निव्वळ कठोर वाटते. दुसऱ्यात कळते की तिला सगळे ठाऊक होते. मुलीला सुरक्षित ठेवण्यासाठी तिने झेडनशी, म्हणजे ज्याच्या बापाला मारले त्याच्याशीच, सौदा केला होता. शेवटच्या लढाईत विद्यालयाचे कवच कोसळते तेव्हा ते पुन्हा पेटवायला ती स्वतःचा प्राण देते. मोजकी पाने आहेत ही, आणि सबंध पुस्तकात तीच खणखणीत आहेत. मुलांना खरे सांगायचे नाही, म्हणजे ती जगतील, असे मानणारी ती बाई चुकीची आहे हे लेखिका लपवत नाही. पण तिला खलनायिकाही करत नाही. आपल्या घरांतून नोकरी गेल्याचे, व्हिसा अडकल्याचे, भारतात आजोबांना इस्पितळात ठेवल्याचे मुलांना परीक्षा संपल्यावर सांगितले जाते. त्या घरांतल्या मुलींना ही लिलिथ ओळखीची वाटली तर नवल नाही. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, तिला मरायला वेळ होता, बोलायला नव्हता." यारोसबाईंनी झेडनच्या रुसव्यातली पन्नास पाने काढून या दोघींना दिली असती तर!

आणखी एक जमेची बाजू. व्हायोलेटचे सांधे सहज निखळतात, हाडे चटकन मोडतात. लेखिकेला स्वतःला एहलर्स-डॅनलॉस हा संयोजी ऊतींचा आजार आहे, आणि नायिकेला तिने जाणून तसेच घडवले आहे. जादूने ते बरे होत नाही. ती खोगिराला पट्टे लावून घेते, गुडघा बांधते, आणि उडते.

पालकांसाठी एक व्यावहारिक सूचना: यातले शृंगाराचे प्रसंग आडपडदा न ठेवता लिहिलेले आहेत, छळाचे प्रसंगही. बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या हाती हे मी देणार नाही. सतरा-अठराच्या मुलीबरोबर मात्र आईने, आणि बाबांनीही, जरूर वाचावे.

तिसरा भाग 'ऑनिक्स स्टॉर्म' जानेवारी २०२५ मध्ये निघाला. आमच्या घरची प्रत मुलीच्या वसतिगृहात आहे. थँक्सगिव्हिंगला ती घेऊन येणार आहे, तोवर तिने शेवट सांगू नये अशी ताकीद दिली आहे.