अर्धवेळ संशोधक आणि अर्धवेळ मुख्याध्यापक : उजनीकाठच्या गावांच्या संदर्भात शैक्षणिक नेतृत्वविषयक पीएच.डी. संशोधनाची समीक्षा

प्रस्तावना :

शाळेतील नोकरी सांभाळून शैक्षणिक नेतृत्व या विषयावर पीएच.डी. करण्याचा मार्ग आता शिक्षकवर्गाला अनोळखी राहिलेला नाही. सोलापूर जिल्ह्यापुरते बोलायचे तर १ ऑगस्ट २००४ रोजी स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले आणि तोवर संशोधनासाठी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे पाहणाऱ्या शिक्षकांना हे दार जवळ आले. २०१९ पासून हे विद्यापीठ पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. तथापि दार जवळ आले म्हणजे संशोधन जमिनीजवळ आले असे होत नाही. उजनी धरणाच्या काठावरील गावे समोर ठेवून या प्रकारच्या संशोधनाची तपासणी प्रस्तुत लेखात केली आहे.

नेतृत्वशैलीचे मापन :

शोधगंगा या संग्रहातील शिक्षणशास्त्राचे प्रबंध चाळले असता एक साचा वारंवार आढळतो. अमुक जिल्ह्यातील मुख्याध्यापकांच्या नेतृत्वशैलीचा शिक्षकांच्या कार्यसमाधानाशी असणारा सहसंबंध, अशा धर्तीचे शीर्षक, सर्वेक्षण पद्धती, पाच बिंदूंची पदनिश्चयन श्रेणी, शून्य परिकल्पना, आणि अखेरीस 'मुख्याध्यापकांना प्रशिक्षण द्यावे' ही शिफारस. या शिफारशीला विरोध करणारा कोणी आजवर भेटलेला नाही, हीच तिची उणीव आहे.

यातील मापनसाधनांचे मूळ पाहण्याजोगे आहे. नेत्याच्या वर्तनाचे वर्णन करणारी सुप्रसिद्ध प्रश्नावली ओहायो राज्य विद्यापीठात १९५० च्या दशकात आकाराला आली. तिच्या आधारे ॲण्ड्र्यू हॅल्पिन यांनी बॉम्बर विमानांच्या कप्तानांचा अभ्यास केला आणि शाळा-अधीक्षकांचाही. कार्याची आखणी आणि माणसांविषयीची आपुलकी या दोन मितींत नेतृत्व बसवणारी ही दृष्टी पुढे भारतात आली. मोतीलाल शर्मा यांच्या शालेय वातावरणविषयक प्रश्नावलीने हॅल्पिन-क्रॉफ्ट यांचा विचार आपल्याकडे रुजवला. साधन परके आहे म्हणून ते त्याज्य ठरत नाही. मात्र नेता हा पूर्णवेळ नेताच असतो, त्याच्या हाताखाली माणसे असतात आणि त्याचे काम संघटनेच्या भिंतींच्या आत चालते, हे या साधनाचे गृहीत आहे. उजनीकाठी नेमके हेच गृहीत टिकत नाही.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीची पटसंख्या ६० पर्यंत असेल तर दोन शिक्षक मिळतात. स्वतंत्र मुख्याध्यापकाचे पद या वर्गांसाठी पट १५० च्या वर गेल्यावर आणि सहावी ते आठवीसाठी तो १०० च्या वर गेल्यावर येते. काठावरच्या वाडीवस्तीच्या शाळेत म्हणून जो 'मुख्याध्यापक' असतो तो दोन वर्ग शिकवणारा शिक्षकच असतो. पोषण आहाराचा हिशेब, शाळा व्यवस्थापन समितीची सभा, माहितीचे रकाने ही कामे तो वर्ग सांभाळून करतो. येथे नेतृत्वच अर्धवेळ आहे. अर्धवेळ नेत्याला अर्धवेळ संशोधक करून पूर्णवेळ नेत्याविषयी प्रश्नावली भरून घ्यायला लावणे, हा या संशोधनप्रकारातील मूलभूत विसंवाद होय.

परिसीमेचा प्रश्न :

१९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाची साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे आणि तीत निम्म्याहून अधिक मृतसाठा आहे. यशवंतसागर या नावाने ओळखला जाणारा हा जलाशय करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत अशा तालुक्यांत, म्हणजे सोलापूर, पुणे व अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. भीमेच्या दोन्ही तीरांवरची गावे उठली आणि उंच जागी वसली. काहींच्या नावाआधी 'नवे' आणि 'जुने' लागले. वांगीसारखे गाव क्रमांकांनी ओळखले जाऊ लागले. उन्हाळ्यात साठा 'उणे' झाला की पळसदेवचे जुने मंदिर पाण्याबाहेर येते आणि वृत्तपत्रांत त्याची छायाचित्रे झळकतात. उठलेल्या गावाबरोबर त्याची शाळाही उठली, ती कोणी, कोठे, कोणाच्या जागेत पुन्हा भरवली, याची छायाचित्रे नाहीत. तो इतिहास वृद्ध शिक्षकांच्या आठवणीत आणि जुन्या दाखलखारिज नोंदवह्यांत आहे. शैक्षणिक नेतृत्वाच्या अभ्यासकाला याहून थेट सामग्री कोणती हवी?

पण प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात 'व्याप्ती व मर्यादा' हा भाग येतो आणि संशोधन सोलापूर जिल्ह्यापुरते मर्यादित असल्याचे लिहिले जाते. हे वाक्य सोयीचे आहे. ते जलाशयाच्या मधोमध रेघ मारते. अलीकडचा शिक्षक सोलापूरचा संशोधक, पलीकडचा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा. माणसे मात्र ही रेघ रोज ओलांडतात. करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्यामधील जलमार्गावर २१ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. नातीगोती, बाजार, दवाखाना यांसाठी काठचे लोक पाण्यावर किती अवलंबून आहेत हे त्या दिवशी राज्याला कळले. ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून टोळ्या येतात आणि वर्षाच्या मध्यावर नवी मुले शाळेच्या दारात उभी राहतात. त्यांना शिक्षण हमी कार्डावर वर्गात बसवून घेणे, टोळीच्या मुकादमाशी बोलणे, मार्चनंतर ती कोठे गेली याचा माग ठेवणे, हे नेतृत्व कोणत्या बिंदूश्रेणीत मोजायचे?

कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. त्या कुरणशाळेमागे निरीक्षण होते, प्रयोग होता, दुरुस्ती होती. आजच्या संशोधन मान्यता समितीपुढे तो आराखडा गेला असता तर 'नमुन्याचा आकार अपुरा' असा शेरा बसला असता, अशी शंका येते.

ना-हरकत प्रमाणपत्र :

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी प्रवेश परीक्षा व अभ्यासक्रमपूर्व कार्य बंधनकारक केले. २०१६ च्या विनियमांनी अर्धवेळ पीएच.डी.ला मान्यता दिली ती पूर्णवेळच्या सर्व अटींसह. नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनी अर्धवेळ उमेदवाराकडून नियोक्त्याचे ना-हरकत प्रमाणपत्र मागितले. अभ्यासाला परवानगी आहे, पदाची कामे सांभाळून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो आणि गरज पडल्यास अभ्यासक्रमासाठी उमेदवारास कार्यमुक्त केले जाईल, असे त्यात नमूद असावे लागते. शोधनिबंध छापण्याची सक्ती याच विनियमांनी काढली, हे स्वागतार्ह.

हेतू प्रामाणिक आहे. परंतु द्विशिक्षकी शाळेच्या संदर्भात हे प्रमाणपत्र वाचून पाहावे. दोघांपैकी एक कार्यमुक्त झाला की चार-पाच वर्ग एकाच्या अंगावर येतात. अधिकाऱ्याने सही केली तर 'पुरेसा वेळ' हे विधान असत्य ठरते, नाकारली तर शिक्षकाचे संशोधन थांबते. परिणामी अर्धवेळ पीएच.डी. मोठ्या शाळेतल्या, शहराजवळच्या उमेदवाराला सुकर होते आणि करमाळ्याच्या टोकापासून शंभरहून अधिक किलोमीटरवरील केगावच्या विद्यापीठ परिसरात जाणे ज्याला परवडत नाही, तो आपोआप गळतो. ज्या माढा तालुक्यात हे धरण आहे, तेथील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठी त्यांनी मागितलेल्या रजेचा प्रश्न जानेवारी २०२२ मध्ये शालेय शिक्षणमंत्र्यांपर्यंत जाऊन मार्गी लागला. जागतिक कीर्तीच्या शिक्षकाच्या रजेला मंत्रालय गाठावे लागत असेल, तर इतरांच्या अर्जांविषयी वेगळे सांगावयास नको. दोष एखाद्या अधिकाऱ्याचा नाही. शिक्षकाच्या अभ्यासरजेसाठी बदली शिक्षकाची व्यवस्थाच नाही.

अमेरिकेतही हा वाद झाला. हार्वर्डने १९२० च्या सुमारास शिक्षणव्यवसायातील व्यक्तींसाठी एड.डी. ही स्वतंत्र पदवी सुरू केली. २००५ मध्ये आर्थर लेव्हिन यांनी शालेय नेतृत्वातील ही पदवी बंदच करावी असे सुचवले. २००७ पासून कार्नेगी प्रकल्पातील विद्यापीठे मात्र दुसऱ्या दिशेने गेली : उमेदवाराच्या स्वतःच्या शाळेतील समस्या हाच प्रबंधाचा विषय मानावा. आपल्याकडे २०१२ मध्ये राष्ट्रीय स्तरावर शालेय नेतृत्व केंद्र स्थापन झाले. पदवीच्या रचनेचा विचार मात्र त्या दिशेने झाला नाही. नवी पदवी काढावी असे येथे सुचवायचे नाही. पदव्या वाढवण्याचा आपला उत्साह पुरेसा आहे.

उपलब्ध चौकटीतही वाट आहे. अभ्यासक्रमाचे वर्ग दिवाळी व उन्हाळी सुटीत घेता येतील. संशोधकाची स्वतःची शाळा हे 'पूर्वग्रहाचे क्षेत्र' न मानता व्यष्टी अध्ययनाचे क्षेत्र मानता येईल. २०२२ च्या विनियमांत अन्य संस्थेतील सहमार्गदर्शक घेण्याची मुभा आहे. सोलापूरचा मार्गदर्शक आणि पुण्याचा सहमार्गदर्शक असा आराखडा एखाद्या संशोधकाने मांडला, तर कुगावची शाळा आणि कळाशीची शाळा एकाच नमुन्यात येतील.