मंगळावरची सोयरीक

विज्ञानकथेत दोन ग्रहांमधली लग्ने लागली की आपल्यातले काही मित्र हरखून जातात. मी आधी नवरा कुठल्या गावचा, ते विचारतो.

एडगर राइस बरोज या अमेरिकन लेखकाची ‘अ प्रिन्सेस ऑफ मार्स’ ही कादंबरी १९१२ मध्ये मासिकातून क्रमशः आली आणि १९१७ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. नायक जॉन कार्टर हा व्हर्जिनियाचा, गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या फौजेतला कप्तान. तो मंगळावर जाऊन तांबड्या कातडीच्या देजा थोरिसशी लग्न करतो. बाई अंडे घालते, तरी लेखकाला त्यात विटाळ वाटत नाही. कारण ती राजकन्या आहे! त्याच व्हर्जिनियात गोऱ्याने काळ्या बाईशी लग्न करणे १९६७ पर्यंत गुन्हा होता. १९५८ मध्ये रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या नवराबायकोला पोलिसांनी रात्री झोपेतून उठवून पकडले होते.

कर्तव्याचेही तसेच. आपले नगर वाचवण्यासाठी देजा थोरिस शत्रूच्या राजपुत्राला लग्नाचे वचन देते, आणि या पेचाभोवती बरोज पुढचा सारा मजकूर फिरवतो.

मला मात्र खरी कादंबरी एकाच प्रकरणात सापडते. हिरव्या माणसांच्या टोळीत प्रेमाला जागा नाही. अंडी सामायिक उबवायची, पोर कुणाचे ते कुणाला ठाऊक नसते. सोलाच्या आईने आवडत्या पुरुषापासून झालेले अंडे ओसाड मनोऱ्यात पाच वर्षे लपवले. एकीने चुगली केली. आईला हालहाल करून मारले, पण तिने पोरीच्या बापाचे नाव सांगितले नाही. बाप त्याच टोळीत आहे. सोलाला तो ठाऊक आहे, त्याला ती ठाऊक नाही. अशी ही पोर राजकन्येच्या कथेत सोबतीण होऊन राहते.

हे वाचताना खर्डा आठवते. तिथे २०१४ मध्ये वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो या संशयावरून आपला एक शाळकरी पोरगा मारला गेला. २०१७ मध्ये आरोपी सुटले.

आंतरजातीय विवाह हा जातीवरचा खरा उपाय, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लिहिले हे सगळे सांगतात. शास्त्रांचे प्रामाण्य मोडल्याशिवाय तसे विवाह होणार नाहीत, हे त्याच ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मधले म्हणणे मात्र वगळतात. कार्टरच्या लग्नाने मंगळावरचे एकही सिंहासन हलत नाही. उलट त्याला राजाचे जावईपण मिळते.

अभ्यासवर्गात मी हे सांगत होतो, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, त्या आईचे नाव काय?” मला आठवेना. घरी येऊन पुस्तक उघडले. गोझावा.