मालवता येणारा उजेड

"बॅटरी नका मारू, दादा." वाटाड्या एवढंच म्हणाला आणि पुढे चालू लागला. रोहिणी नक्षत्र संपत आलं होतं. संध्याकाळी वळिवाची एक सर येऊन गेली होती. उडदावण्याच्या पुढे, घाटघरच्या रस्त्यावरून खाली उतरणाऱ्या पायवाटेवर मला माझेच पाय दिसत नव्हते. बॅटरी खिशात होती आणि हात सारखा खिशाकडे जात होता.

भंडारदऱ्याच्या धरणाला वळसा घालणाऱ्या या रस्त्यावर मे महिन्याच्या शेवटापासून मृगाच्या पावसाने जोर धरेपर्यंत माणसांची जत्रा असते. शेंडी, मुरशेत, पांजरे, साम्रद, रतनवाडी ही अकोले तालुक्यातली गावं. हा सगळा भाग 1986 साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. मुंबई, पुणे, नाशिकहून गाड्या येतात त्या काजवे बघायला. मीही त्यांतलाच एक. फक्त माझा हेतू जरा आगाऊ होता. एखादी बंदिश ऐकावी किंवा एखादं चित्र वाचावं, तसं काजव्यांचं एक झाड वाचायचं, असं मी ठरवून आलो होतो.

पहिला अर्धा तास काहीच वाचता आलं नाही. वाटेवर मोबाइल पाहिला होता, त्याची शिक्षा. अंधार डोळ्यांत मुरावा लागतो. डोळ्याच्या पडद्यावर अंधुक उजेडासाठी ज्या दंडपेशी असतात, त्यांच्यातलं रंगद्रव्य उजेडाने विरून जातं आणि पुन्हा भरून यायला वीस-तीस मिनिटं लागतात. एखाद्या गाडीचा दिवा डोळ्यांवर आला की हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू. गवई तंबोरे जुळवत असताना श्रोत्यांनी गप्प बसायचं असतं. इथे जुळणी श्रोत्याच्याच डोळ्यांत चालते, एवढाच फरक.

मग झाड आलं. म्हणजे होतं तिथेच, पण मला दिसायला लागलं. सादड्याचं झाड, चांगलं उंच. आधी शेंड्याजवळ एक टिपका, मग त्याच्या शेजारी दुसरा. बघताबघता शेंड्यावरून उजव्या फांदीकडे एक लाट घरंगळत आली, खालच्या डहाळ्यांपर्यंत पोचली आणि संपली. क्षणभर पूर्ण काळोख. सगळं झाड गायब. मग डावीकडून दुसरी लाट. मधेच अर्धं झाड एका श्वासात लागायचं आणि एका श्वासात मालवायचं, पण एखादा चुकार काजवा आपल्याच तंद्रीत, अर्ध्या मात्रेने मागे. शेजारचा बेहडा मात्र कोरा. एकही ठिपका नाही. चित्रकाराने मुद्दाम मोकळी सोडलेली जागा असावी तसा.

मला आधी वाटलं होतं, काजव्यांचं सौंदर्य संख्येत असेल. हजारो दिवे, लक्षावधी दिवे, वर्तमानपत्री मथळ्यांसारखं. तसं नाही. दिवाळीत इमारतींवर सोडलेल्या माळा संख्येने कमी नसतात, पण त्या एकदा पाहिल्या की संपतात. या झाडाकडे मी तासभर बघत होतो, ते मधल्या काळोखासाठी. तालात जशी खाली असते तशी ती जागा. तबल्यावर खालीची मात्रा येते तेव्हा डग्ग्याची घुमार काढून घेतात आणि त्या रितेपणामुळेच सम कळते. काजव्यांच्या झाडाला समेपेक्षा खाली जास्त आहे.

आणि ही माझी कविकल्पना नाही, काजव्यांचा व्यवहारच तसा आहे. उडत किंवा पानावर बसून लुकलुकणारे बहुतेक नर असतात. मादी खालून, झुडपातून उत्तर देते. जातीजातीची लुकलुक वेगळी: किती वेळ लागायचं, किती वेळ मालवायचं, पुन्हा कधी लागायचं. अनेक जातींत मादी आपल्या जातीचा नर ओळखते ती लुकलुकीच्या लांबीवरून आणि दोन लुकलुकींतल्या अंतरावरून. म्हणजे निरोपाचा निम्मा मजकूर काळोखात लिहिलेला असतो. तो काळोख कुणी पुसला तर उरलेल्या उजेडाला अर्थ राहत नाही.

मराठीने या किड्यावर थोडा अन्यायच केला आहे. थोबाडीत बसली की आपल्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात. खऱ्या काजव्याच्या उजेडात मारकं असं काहीही नाही. तो पिकायला आलेल्या लिंबाच्या रंगाचा, हिरवट पिवळा, साधारण 550 ते 580 नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. माणसाचा डोळा दिवसाच्या उजेडात ज्या रंगाला सगळ्यात जास्त दाद देतो, तो 555 च्या आसपासचा. इतका इवला दिवा इतका ठसठशीत दिसतो, त्याला हेही एक कारण.

दिव्याची घडण तर बघण्यासारखी. ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य, ल्युसिफेरेज नावाचं विकर, पेशीतलं ऊर्जाद्रव्य एटीपी आणि प्राणवायू एकत्र आले की उजेड पडतो, आणि जवळजवळ उष्णता न होता पडतो. आपला जुना पिवळा बल्ब घेतलेल्या विजेतली जेमतेम पाच टक्के उजेडाला देई, बाकीची हात भाजायला. काजव्याचा दिवा पोटाच्या खालच्या बाजूला असतो. त्याच्या मागे युरिक आम्लाच्या स्फटिकांचा पांढरा थर, परावर्तक म्हणून. पुढे पारदर्शक कवच. उजेड हवा तिकडेच जातो, पाठीमागे सांडत नाही. दिव्याला टोपी हवी, उजेड खाली पडायला हवा, नको तेव्हा तो मालवायला हवा, असं आजचे प्रकाशयोजनाकार घसा कोरडा करून सांगतात. काजव्याने ते सगळं शेपटीच्या टोकाशी बसवून घेतलं आहे.

यातला विनोद पुढे आहे. फोट्युरिस प्रजातीच्या काजव्याच्या दिव्यावरचे खवले करवतीच्या दात्यांसारखे उंचसखल असतात आणि त्यामुळे आतला उजेड अडकून न पडता बाहेर निसटतो, हे संशोधकांच्या लक्षात आलं. तसाच दातेरी थर त्यांनी एलईडीवर चढवला, तर बाहेर पडणारा उजेड दीडपटीहून जास्त झाला. हे काम 2013 साली प्रसिद्ध झालं. म्हणजे काजव्याकडून शिकून आपण दिवा आणखी प्रखर केला. आणि 2020 साली संशोधक सारा लुईस आणि तिच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या काजवातज्ज्ञांना विचारलं की काजव्यांना धोका कशाचा, तेव्हा पहिला क्रमांक अधिवास नष्ट होण्याचा आला आणि दुसरा रात्रीच्या कृत्रिम उजेडाचा. कीटकनाशकं तिसरी.

हे प्रात्यक्षिक मलाही फुकट बघायला मिळालं. वरच्या रस्त्यावर एक गाडी वळली, तिचे दिवे झाडावरून फिरले, आणि सबंध सादडा गप्प झाला. गाडी गेल्यावर लगेच सुरू झाला असं नाही. एक-दोन टिपके चाचपडत लागले. लाट पुन्हा बांधली जायला बराच वेळ गेला. ख्याल रंगात आलेला असताना कुणाचा तरी मोबाइल वाजावा, तसं. फरक इतकाच की गवई उद्या पुन्हा गाईल. काजव्याची अळी कित्येक महिने पालापाचोळ्यात गोगलगायी खात वाढते आणि पंख फुटल्यावर तिच्या हाती उरतात जेमतेम दोन-तीन आठवडे. त्यातली एक रात्र वाया जाणं ही मोठी उधळपट्टी. वनखातं गाड्यांचे प्रखर दिवे, कॅमेऱ्याचे फ्लॅश आणि गोंगाट यांना मनाई करतं. तरी धरणाकाठच्या एका तंबूंच्या वसाहतीत मी मुक्काम केला, तिथे काजव्यांच्या नावाने पैसे घेऊन अंगणात रात्रभर पांढराफेक फ्लडलाइट ठेवला होता. का, म्हणून विचारलं. "पब्लिकला भीती वाटते."

भीती खोटी नाही, हेही सांगायला हवं. अकोले-संगमनेरच्या उसात बिबट्या असतो. शेतीपंपाला वीज कित्येकदा रात्रीच मिळते, आणि मोटर चालू करायला मध्यरात्री बांधावरून जाणाऱ्या माणसाला अंधाराचं रसग्रहण ऐकवणं हा उद्धटपणा होईल. या भागात विजेलाच 'लाईट' म्हणतात. लाईट आली की पाणी आलं, पीठ आलं, पंखा आला. उजेड हा तिचा एक भाग फक्त. भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पुरं झालं. त्यात साठणारी प्रवरा याच भागातल्या रतनगडाच्या कुशीतून निघते आणि खाली लोणीपर्यंत कालव्यांनी ऊस पिकवते. तिथे प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. गळिताच्या हंगामात साखर कारखाने रात्रीचे थांबत नाहीत. लांबून क्षितिजावर शहर असल्यासारखा उजेड दिसतो आणि त्या उजेडात माणसं रातपाळी करतात. 2007 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने शरीराचं घड्याळ बिघडवणारी रातपाळी 'बहुधा कर्ककारक' या गटात टाकली आणि 2019 मध्ये तोच निष्कर्ष कायम ठेवला. वरच्या काजव्यांना आणि खालच्या कामगाराला सतावणारी गोष्ट एकच आहे: रात्र रात्रीसारखी नसणं.

हे घड्याळ कुठे असतं? मेंदूत. पण त्याला चावी डोळ्यांतून मिळते. डोळ्याच्या पडद्यावर, पाहण्याच्या कामी फारशा न येणाऱ्या थोड्या पेशी आहेत. मेलॅनोप्सिन हे त्यांचं रंगद्रव्य, आणि 480 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर उजेडाला त्या जास्त जाग्या होतात. त्यांचा शोध अगदी अलीकडचा, 2002 च्या आसपासचा. सकाळच्या आकाशात हा निळा भरपूर असतो. तो मिळाला की शरीर दिवस मांडतं. रात्री तो मिळाला की झोपेची वर्दी देणारं मेलाटोनिन मागे सरतं. आता आपला पांढरा एलईडी पाहा. तो मुळात निळा असतो. त्याच निळ्या दिव्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं नोबेल मिळालं. त्यावर पिवळा थर चढवला की डोळ्यांना पांढरं दिसतं, पण खाली निळ्याची उसळी तशीच राहते. समई, कंदील, चूल यांत ती जवळजवळ नसते. आपल्या आज्या दिवेलागणीनंतर ज्या उजेडात बसत, तो शरीराला दिवस वाटत नव्हता.

अहिल्यानगरच्या भुईकोट किल्ल्यात (तेव्हाचं अहमदनगर) ऑगस्ट 1942 ते मार्च 1945 नेहरू कैदेत होते. तिथे लिहिलेल्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'ची सुरुवात कुठल्याही सनावळीने होत नाही. इथे येऊन किती महिने झाले, एवढं सांगून ती लगेच वळते आल्या दिवशी दिसलेल्या चंद्रकोरीकडे. मग दर नव्या कोरीबरोबर कैदेचा आणखी एक महिना सरल्याचा हिशेब येतो. मला ही सुरुवात वाचताना नेहमी वाटतं, की तुरुंगात माणसाला पहिली गरज पुस्तकाची नसेल, आकाशाच्या तुकड्याची असेल. आज त्याच शहरात चंद्राची कोर उगवली की मावळली, हे रस्त्यावरच्या किती माणसांना सांगता येईल, कोण जाणे. मलाही आलं नसतं.

जुन्या घडणीत उजेडाचा हा विचार होता, तो न बोलता होता. रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या देवळात शिरताना उजेड पावलापावलाने कमी होत जातो. बाहेरचं ऊन, मग सभामंडपाची सावली, मग गाभाऱ्याचा काळोख. डोळ्यांना अंधार मुरवायला दिलेला तो अवधीच. खांबांवरचं कोरीवकाम तिरप्या, हलत्या उजेडासाठी आहे. समोरून ट्यूबलाइट मारली की सगळं सपाट. जपानी लेखक तानिझाकी याने 1933 साली सावलीच्या स्तुतीत आख्खं पुस्तक लिहिलं. आपल्याकडे ते देवळांनी दगडात आधीच लिहून ठेवलं होतं. मराठी भाषेतही ते आहे. तेलाचा दिवा आपण विझवत नाही, मालवतो. शांत करतो. निरोप देतो. विजेचा दिवा मात्र 'बंद' करतो, दुकानासारखा.

मालवण्याची ही रीत विजेच्या दिव्यांनाही शिकवता येते आणि ती फार महागही नाही. खांबावरच्या दिव्याला टोपी, उजेड फक्त रस्त्यावर. पांढऱ्याऐवजी पिवळा, अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 2016 मध्ये 3000 केल्विनच्या वर जाऊ नका, असा सल्ला दिला होता. रहदारी सरली की मंद. विदर्भातल्या पेंच व्याघ्रप्रकल्पाच्या परिसरात असे बदल झाले आणि 2024 च्या जानेवारीत तो देशातला पहिला अंधाऱ्या आकाशाचा पार्क ठरला. काजव्यांच्या रस्त्यावर हे का होऊ नये, मला समजत नाही. बॅटरीला लाल कागद लावला तरी पुष्कळ होतं. दंडपेशींना लाल रंग जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे वाटही दिसते आणि मुरलेला अंधारही टिकतो.

परतताना आम्ही वाटाड्याच्या घरी चहाला थांबलो. दारासमोर उंबर, उंबराला खेटून विजेचा खांब, खांबावर भगभगीत दिवा. "ह्यावर कधी बसत नाहीत का?" मी उंबराकडे बोट दाखवून विचारलं. "बसायचे आधी," त्याची आई म्हणाली. एवढ्यात डोंगरापलीकडे वीज चमकली आणि लाईट गेली. वाडीभर एकदम हाकाटी झाली, कुणी मोबाइल पेटवला, आणि म्हातारीने नातवाला दटावलं, "र्‍हाऊ दे रं, बस गप." चहा अंधारातच प्यालो. दुसरा कप निम्मा झाला असेल, तेव्हा उंबराच्या आतल्या अंगाला, बुंध्याजवळ, एक लागला. मग वरच्या फांदीवर दोन. पोरगं बोटांवर मोजायला लागलं. अकरापर्यंत पोचलं आणि लाईट आली.