चौथ्या चरणातली खाडी

भागवतातल्या एका श्लोकाचा शेवटचा चरण मराठी माणसाच्या तोंडी बसलेला आहे. ‘जीवो जीवस्य जीवनम्’, जिवाच्या आधारावर जीव जगतो, असं सांगणारा तो चरण. मासळी कापताना तो म्हटला जातो, धंद्यात कुणी कुणाला बुडवलं की म्हटला जातो, गरिबाची वस्ती उठली की उसासा टाकून म्हटला जातो. मोठ्यानं लहानाला गिळायचं, हीच सृष्टीची रीत, एवढाच अर्थ आपण त्यातून घेतो. शीव कोळीवाड्यासारख्या ठिकाणी, जिथल्या पिढ्या मासळीवर जगल्या, तिथे तर तो घरचाच वाटावा. पण श्लोकाला आधीचे तीन चरण आहेत, आणि तो कुणी, कुणाला, कोणत्या घडीला सांगितला तेही भागवतात स्पष्ट आहे.

आपल्या घराघरांत पोचलं ते एकनाथी भागवत, आणि नाथांनी टीका केली ती अकराव्या स्कंधावर. हा श्लोक पहिल्या स्कंधाच्या तेराव्या अध्यायातला. त्यामुळे चरण सुटा होऊन आपल्याकडे आला, प्रसंग मागे राहिला असावा.

प्रसंग असा. विदुराच्या सांगण्यावरून धृतराष्ट्र आणि गांधारी रात्रीतून राजवाडा सोडून गेले आहेत. सकाळी वंदनाला आलेल्या युधिष्ठिराला ते दिसत नाहीत. तो कासावीस होतो. तेवढ्यात नारद येतात आणि त्याच्या दुःखातलं नेमकं मर्म पकडतात: माझ्यावाचून त्या अनाथांचं कसं होणार, ही ती चिंता. नारद सांगतात, हे देह काळाच्या आणि कर्माच्या ताब्यातले; जो स्वतःच सापाच्या तोंडात आहे तो दुसऱ्याला काय राखणार? आणि लगेच आपला श्लोक येतो. म्हणजे तो गिळणाऱ्याला परवाना म्हणून आलेलाच नाही. इतरांचं जगणं आपल्या एकट्याच्या हाती आहे, असं मानणाऱ्या भल्या माणसाचं ओझं उतरवण्यासाठी तो आला आहे.

आता रचना पाहा. पहिल्या तीन चरणांत तीन जोड्या आहेत: बिनहाताचे आणि हातवाले, पाय नसलेलं गवत आणि चार पायांची जनावरं, किरकोळ आणि थोर. चौथ्यात जीव आणि जीव. विशेष म्हणजे अख्ख्या श्लोकात ‘खाणं’ या अर्थाचं क्रियापद नाही, क्रियापदच नाही. कोण कुणाचं जगणं, एवढाच संबंध मांडला आहे. पहिल्या तिन्ही चरणांत उतरंड आहे, वरचा कोण आणि खालचा कोण ते कळतं. चौथ्या चरणात हात गेले, पाय गेले, लहानमोठेपण गेलं. दोन्ही बाजूंना एकच नाम उरलं. आता कोण कुणावर जगतो हे उलटूनही वाचता येतं. मला या श्लोकाचं सगळं सौंदर्य इथे दिसतं: तीन पायऱ्या चढवून कवी चौथ्या पायरीवर जिनाच काढून घेतो.

चौथ्या चरणातला हा उलटसुलट संबंध प्रत्यक्ष पाहायचा तर कोळीवाड्याच्या पूर्वेला, खाडीकडे जावं. आज कोळीवाड्याच्या गल्लीतून पाणी दिसत नाही. पूर्वी ‘कोळीवाडा’ म्हणून ओळखलं जाणारं स्टेशनही आता गुरू तेगबहादूर नगर झालं आहे. पण तिथून हार्बरच्या गाडीनं वडाळ्यापुढे शिवडीला उतरलं की ओहोटीच्या वेळी माहुलच्या बाजूपर्यंत चिखल पसरलेला असतो, कडेला तिवरांची रांग.

या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. तिवर म्हणून आपली श्वसनमुळं पेन्सिलींसारखी वर काढतो. त्याच चिखलात नखाएवढे खेकडे बिळं करतात. नराची एक नांगी अंगाच्या मानानं अवाढव्य. ओहोटी लागली की ते बाहेर येतात, चिखल तोंडाशी नेऊन त्यातलं सूक्ष्म शेवाळ नि जिवाणू निवडून घेतात आणि उरलेल्या चिखलाच्या गोळ्या टाकत जातात. तिवराच्या सावलीत त्यांना निवारा आहे, गळून कुजलेल्या पानांत अन्न आहे. उलट बाजू अधिक सुंदर आहे. त्यांच्या बिळांतून भरतीचं पाणी आणि हवा खोल शिरते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये संशोधकांनी खारफुटीच्या काही तुकड्यांतले खेकडे वर्षभर काढून टाकले. 1991 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खेकडे गेले तिथल्या मातीत झाडांना घातक सल्फाइड वाढलं आणि झाडांची वाढ मंदावली. झाड खेकड्याला जगवतं, खेकडा झाडाला. इथे किरकोळ कोण आणि थोर कोण?

तिसरा चरण तर तिवरावर चक्क उलटा होतो. सागाची पानं खाणाऱ्या एका पतंगाच्या अळ्या मुंबईच्या तिवरांवरही पडतात. पावसाळा सरत आला की कधी कधी अख्खी रांग करपल्यासारखी दिसते आणि लोकांना वाटतं, कुणी विष घातलं. विष नाही, इवल्या अळ्यांनी मोठं झाड खाल्लेलं असतं. पक्षी त्या अळ्यांवर तुटून पडतात, अळ्यांची विष्ठा चिखलात उतरते, आणि काही आठवड्यांत झाडाला नवी पालवी येते. खाणं आहे, पण संपवणं नाही.

पाण्यात उतरलं की साखळी भराभर पुढे जाते. कुजक्या पानांवर जिवाणू, त्यांवर सूक्ष्म जीव, त्यांवर जवळा, जवळ्यावर बोंबील. बोंबील तर आपल्याच जातीच्या पिल्लांनाही सोडत नाही. कोलंबीच्या कित्येक जातींची पिल्लं अशाच खाड्यांत वाढून मग समुद्रात जातात. कोळ्याच्या डोल जाळ्यात उधाणाला जे येतं, त्यात किनाऱ्यावरच्या तिवराचं पान असतं. चिखलावर उड्या मारणारी निवटी बगळ्याच्या चोचीत जाते, तशी कोळणीच्या पाटीतही येते.

खाण्यापलीकडचंही पुष्कळ आहे. आंब्यावर वाढणारं बांडगूळ परोपजीवी म्हणून बदनाम. पण त्याच्या फुलांवर सूर्यपक्षी जगतात, फळांवर फुलटोचे, आणि फुलटोच्यांमुळे चिकट बी नव्या फांदीवर जाऊन रुजतं. डॉ. सालीम अली यांनी कोकणातला हा तिहेरी व्यवहार 1931 साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात मांडला. आंब्याचं नुकसान खरं, पक्ष्यांचं पोट भरणंही खरं. निबंधाचा विषय बांडगुळाच्या प्रसाराचा आहे, त्याच्या पापपुण्याचा नाही, म्हणूनच तो आजही वाचावासा वाटतो.

आणि रोहित. हिवाळ्यात येणारे हे पक्षी लांबून एकच थवा वाटतात, पण त्यांत दोन जाती असतात. लहान रोहित चोच उलटी धरून सूक्ष्म नीलहरित शेवाळ गाळून घेतो. मोठा रोहित चिखलातले किडे, अळ्या, बारीक कवचधारी जीव टिपतो. एकाच पाण्यात उभे राहून ते एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. त्यांचा गुलाबी रंगही त्या अन्नातूनच आलेला. शहराचं सांडपाणी खाडीत येतं, त्यातल्या पोषकद्रव्यांवर शेवाळ फोफावतं आणि म्हणून इथे रोहित वाढले, असं अनेक अभ्यासक मानतात. ते खरं असेल तर शीव, धारावी, कुर्ल्याची आपण सगळी माणसंही या श्लोकात आलो. हातवाले म्हणून वरच्या पायरीवर नाही, चौथ्या चरणात, इतरांसारखेच. मात्र याच सांडपाण्याबरोबर रसायनंही येतात, आणि ती कुणाचंच जीवन नाहीत.

मोठा मासा लहानाला खातो, या न्यायाला आपल्या परंपरेनं वेगळं नाव दिलेलं आहे: मत्स्यन्याय. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आणि शांतिपर्वात तो येतो तो राजदंड नसल्यावर ओढवणाऱ्या अनर्थाचं वर्णन म्हणून, आदर्श म्हणून नव्हे. भागवताच्या या चरणावर आपण मत्स्यन्याय लादला, हा त्या श्लोकावर अन्याय आहे. वस्ती उठवणाऱ्याच्या किंवा खाडी बुजवणाऱ्याच्या बाजूनं नारदाची साक्ष काढता येणार नाही.

ठाणे खाडीत 2015 साली रोहित पक्ष्यांचं अभयारण्य जाहीर झालं, ते ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधल्या पट्ट्यात. शिवडीचा चिखल त्याच्या हद्दीबाहेर राहिला आहे. श्लोक म्हणायचाच असेल तर एकदा अख्खा अध्याय वाचा, आणि ओहोटीची वेळ पाहून शिवडीच्या किनाऱ्यावर तासभर उभे राहा. नोव्हेंबर ते मे या दिवसांत रोहितही भेटतील.