टिळकांचा ख्रिस्त आणि आपली दोन गृहीतके

बाप्तिस्मा म्हणजे समाजत्याग आणि मराठी ख्रिस्ती कविता म्हणजे परक्या मताला चढविलेला देशी वेष, हे गृहीतक आपल्याकडे इतके रुळले आहे की ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. नारायण वामन टिळकांचे अभंग वाचताना आपण छंद तुकोबांचा व मत मिशनचे अशी वाटणी करतो आणि मोकळे होतो.

ही वाटणी टिळकांच्या चरित्रासमोर टिकत नाही. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने 1917 साली मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापण्याचा उपक्रम हाती घेतला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना स्थान होते. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. अभंग हे काही रिकामे पात्र नव्हे. त्याच्याबरोबर माउली येते, गुरू येतो, भेटीची तळमळ येते. ख्रिस्ताला माउली म्हटल्यावर पाप आणि क्षमा यांचा अर्थही पूर्वीचा राहत नाही. न्यायासनापुढील अपराध्याची जागा आईला दुरावलेले लेकरू घेते. छंदाने येथे मतही घडविले आहे.

दुसरे गृहीतक अधिक सौम्य, म्हणूनच अधिक फसवे आहे. ख्रिस्तही आपलाच, अनेक अवतारांतील एक, असे ते म्हणते. बुलढाणा जिल्ह्यातील हिवरा आश्रम येथे विवेकानंदांच्या नावाने आश्रम उभा आहे, आणि विवेकानंदांनी तर 1889 साली ‘ख्रिस्तानुकरण’ या प्रसिद्ध भक्तिग्रंथाच्या काही भागाचा बंगालीत अनुवाद करून त्यास प्रस्तावना लिहिली. त्या ग्रंथातील वैराग्य व दास्यभक्ती यांशी त्यांचे नाते खरे होते, यात शंका नाही. परंतु त्यांच्या उदारतेचा दाखला देऊन टिळकांना सहज आपलेसे करणे हे निराळे. टिळकांच्या निष्ठेची किंमत घरादाराने मोजली. लक्ष्मीबाई काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या व 1900 साली स्वतः ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यास ‘सर्व धर्म एकच’ हे वाक्य इतक्या सहज उच्चारता येणार नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरणही येथे लक्षात घ्यावे. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्रैक्य आणि चर्चची सत्ता या प्रश्नांवर त्यांनी तेथील आपल्या गुरुभगिनींशी वाद घातला. ख्रिस्तास शरण जाणे आणि चर्चची आज्ञा निमूटपणे पाळणे या त्यांच्या लेखी दोन भिन्न गोष्टी होत्या.

आणि आपण? आपण टिळकांना ‘फुलामुलांचे कवी’ ही पदवी दिली, त्यांच्या फुलांच्या कविता पाठ्यपुस्तकांत घेतल्या, आणि अभंग बहुधा ख्रिस्ती उपासकांकडे सोपविले. ही निवड वाङ्मयीन गुणांवरून झाली असे म्हणणे कठीण आहे.