रोंशाँची टेकडी आणि आपली वेदी

ख्रिस्तमंदिर कसे असावे, ही चर्चा आपल्या समाजात बहुधा मनोऱ्याची उंची, फरशी आणि बाकांची संख्या यांपाशी येऊन थांबते. म्हणूनच विसाव्या शतकाच्या मध्यास उभ्या राहिलेल्या एका लहानशा वास्तूकडे वाचकांचे लक्ष वेधावे, असे आम्हास वाटते.

पूर्व फ्रान्समधील रोंशाँ गावालगतच्या टेकडीवर पवित्र मरियेचे जुने यात्रास्थान होते. १९४४ साली युद्धात तेथील मंदिर उद्ध्वस्त झाले. नव्या मंदिराचे काम ले कॉर्ब्युझिए या वास्तुशिल्पज्ञाकडे आले. तो भाविक कॅथलिक नव्हता. तरीही प्रतिभाशून्य भाविकापेक्षा प्रतिभावान अश्रद्ध कलावंत पवित्र कलेस अधिक उपकारक ठरेल, अशी फादर कुतुरिए या डोमिनिकन धर्मगुरूंची धारणा होती. २५ जून १९५५ रोजी या मंदिराचे उद्घाटन झाले.

खेकड्याच्या कवचावरून सुचलेले काँक्रीटचे अवजड छप्पर भिंतींवर थेट टेकलेले नाही. मध्ये अरुंद फट ठेवलेली असून तिच्यातून प्रकाशाची रेघ आत येते. दक्षिणेकडील जाड भिंतीत लहानमोठ्या खोल खिडक्या आहेत. पूर्वेस, भिंतीबाहेर, यात्रेकरूंसाठी उघड्यावर वेदी आहे. मरियेची जुनी मूर्ती त्याच भिंतीतील काचेच्या कोनाड्यात अशी ठेवली आहे की, ती आतल्यांना दिसते तशीच बाहेरच्यांनाही दिसावी. दुसरी व्हॅटिकन परिषद भरण्यापूर्वी सात वर्षे हे घडले, हे ध्यानात घ्यावे.

आमच्या मते या वास्तूचे खरे मोल तिच्या विलक्षण आकारात नाही. उलट तो आकारच तिचा धोका ठरला. तो पाहण्यास लोक येऊ लागले आणि यात्रेकरूपेक्षा प्रेक्षक वाढले. शिवाय टेकडीवरील यात्रामंदिर निराळे आणि दर रविवारी लेकराबाळांसह कुटुंबे जमतात ते धर्मग्रामाचे चर्च निराळे. रोंशाँची नक्कल आपल्याकडे केवळ हास्यास्पद ठरेल.

अनुकरण करायचे तर ते दृष्टीचे. दादरच्या पोर्तुगीज चर्चची १९७०च्या दशकातील नवी वास्तू रचताना चार्ल्स कोरिया यांनी काँक्रीटच्या कवचांना उघड्या अंगणांची जोड दिली. मुंबईच्या हवेला साजेसे ते उत्तर होते.

आणखी एक गोष्ट आम्हास विशेष भावते. रोंशाँच्या पडलेल्या मंदिराचे दगड फेकून दिले गेले नाहीत. ते नव्या भिंतींत घातले गेले. आपल्या वाडवडिलांनी श्रमाने बांधलेले चर्च अपुरे पडते म्हणून पाडण्याचा ठराव जेव्हा जेव्हा पुढे येईल, तेव्हा नव्या नकाशावर हात वर करण्याआधी प्रत्येक कुटुंबाने एक प्रश्न विचारावा : त्या दगडांचे आपण काय करणार आहोत?