पुण्याच्या रुग्णालयातील एक रात्र : अॅलन लुइसच्या विरहकवितेविषयी

वेल्श कवी अॅलन लुइस याचे नाव आपल्याकडील इंग्रजी कवितेच्या अभ्यासात क्वचितच येते. महाराष्ट्राशी त्याचा संबंध मात्र निकटचा आहे. सैन्याधिकारी म्हणून तो डिसेंबर १९४२ मध्ये मुंबईस उतरला, नीरेच्या छावणीत राहिला, आणि फुटबॉल खेळताना जबडा मोडल्याने १९४३ च्या आरंभी पुण्याच्या रुग्णालयात पडून होता. ग्वेनो एलिस हिच्याशी त्याचा विवाह १९४१ साली झाला होता. ५ मार्च १९४४ रोजी आराकान आघाडीवर त्याचा मृत्यू झाला. १९४५ साली निघालेल्या त्याच्या संग्रहात ‘इन हॉस्पिटल : पूना’ या शीर्षकाच्या दोन कविता आहेत, येथे पहिलीचाच विचार करावयाचा आहे.

वरवर पाहता हे नेहमीचे विरहगीत वाटते. जागा असलेला पती मध्यरात्रीपासून दूरच्या पत्नीचे चिंतन करतो, व पहाट झाल्यावर तिला अंतरतो. परंतु कवितेतील ‘पर्यंत’ या अर्थाच्या अव्ययाकडे लक्ष दिले पाहिजे. मध्यरात्र होताच पत्नी त्याच्या अंधारात येत नाही. पृथ्वी वळत राहते, आणि मग ती येते. पुणे सुमारे चौऱ्याहत्तर अंश पूर्वेस, दक्षिण वेल्स साडेतीन अंश पश्चिमेस. सूर्याच्या हिशेबाने हे अंतर पाच तासांहून थोडे अधिक भरते. पुण्यात मध्यरात्र असते तेव्हा तिकडे नुकती संध्याकाळ उलटलेली असते. दोघांची निजेची रात्र एक होते ती केवळ पुण्याच्या उत्तररात्री, आणि तीही थोडा काळ. कवीने रेखांशांची संख्या साठ अशी पुष्कळच कमी दिली असली, तरी या सामायिक अंधाराचा त्याचा हिशेब अचूक आहे.

उजाडल्यावर मापच बदलते. रात्री अंश मोजणारा कवी दिवसा दहा हजार मैल मोजतो. सरळ रेषेत हे अंतर पाच हजार मैलांच्या आतच भरेल. दहा हजारांचा आकडा केप ऑफ गुड होपला वळसा घालून आलेल्या सैनिकाच्या जहाजाचा आहे. अंश ही नकाशाची भाषा, मैल ही शरीराने सोसलेल्या प्रवासाची. मध्ये हंसाची उपमा येते. आपल्या वाचकास नलाख्यानातील हंस आठवेल. पण हा हंस निरोप नेत नाही, केवळ अंतर व्यापतो.

विशेषनामांची योजना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वेल्सचे पाच पर्वत आणि कार्डिगनचा किनारा नावानिशी येतात. ज्या खाणींच्या दरीत पत्नी निजली आहे ती मात्र कवी बुद्ध्याच अनामिक ठेवतो. पत्नीलाही नाव नाही, केवळ द्वितीयपुरुषी सर्वनाम आहे. म्हणजे नाव देणे ही येथे जवळिकीची खूण नव्हे. पर्वतांना नावे आहेत, कारण ते सर्वांचे आहेत.

मग पुण्याचे काय? शीर्षकाबाहेर पुणेही अनामिकच आहे. पण या दोन अनामिकता एकजातीय मानता येणार नाहीत. दरीचे नाव कवीने राखून ठेवले आहे, पुण्याचे त्याला उच्चारावेसेच वाटलेले नाही. सकाळ होते ती पक्ष्यांच्या कर्कश ओरडण्यातून, आणि ते ओरडणे एकदम साऱ्या भुकेल्या हिंदुस्थानचा कंठ ठरते. रात्रभर इतकी नेमकी राहिलेली दृष्टी येथे ढोबळ होते. नीरेजवळच्या कारंजे गावाचे नाव एका कवितेच्या शीर्षकास देणाऱ्या कवीला सूक्ष्मतर पाहता येत नव्हते, असे म्हणता येणार नाही. विरहाने त्याचे पाहणे एकाच दिशेस बांधले, इतकेच.

अखेरीस प्रेम सर्पविषातूनही तरते, असे तो सांगतो. त्याच वर्षी जुलैत कुन्नूर येथे तो दुसऱ्या एका स्त्रीच्या प्रेमात पडला. या चरित्रप्रसंगावरून कविता खोटी ठरविण्याचा मोह कोणालाही होईल. तो टाळावा. शेवटचे विधान मलाही दुबळे वाटते, पण त्याचे कारण कुन्नूरमध्ये नाही. सर्प कवितेत आधी कोठेही नाही. तो अकस्मात येतो, आणि पृथ्वीच्या वळण्याने जे सिद्ध केले होते ते घोषणेने सांगू पाहतो.